कावडीवरचं कपाट

माझ्या हातून आजवर जी कपाटं गेली, ती जिथं ठेवली तिथंच उभी आहेत. कपाटाकडून आणखी कसली अपेक्षा ठेवायची? घर बदलायची वेळ आली तर उचलायला चार माणसं लागतात आणि ती चारही माणसं बनवणाऱ्याला शिव्या घालतात. त्या शिव्या मी कौतुक समजून घेत आलो. जड कपाट म्हणजे खरं लाकूड, असा आमच्या धंद्यातला समज आहे.

मी सत्तार मिस्त्री. चंद्रपुरात जुन्या कोटाच्या आत आमचं सुतारकामाचं दुकान. आजोबा सुतार, वडील सुतार, मी सुतार. मुलगा मशीनवर प्लायवूड कापतो आणि मी दुकानापुढं खुर्ची टाकून त्याच्या चुका काढतो. याला लोक निवृत्ती म्हणतात. मी पलंग केले, झोपाळे केले, मुसलमान असून घरोघरी देव्हारे केले, बुद्धमूर्तीसाठी कोनाडे केले. दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिहा असा निरोप आला तेव्हा बायको म्हणाली, "पलंगाबद्दल काय लिहिणार? लोक झोपले त्यावर, बस्स." तिचं खरं होतं. लिहावं असं एकच काम मला आठवलं, आणि ते होतं हत्यारं ठेवायचं कपाट.

हत्यारांचं कपाट हे हौशी गिऱ्हाइकाचं काम. आम्ही कारागीर लोक पटाशा गोणपाटात गुंडाळतो आणि रंधा खिळ्याला टांगतो. पण वीज केंद्राच्या ऊर्जानगर वसाहतीतून रिटायर झालेले साहेब घरामागं छोटं वर्कशॉप काढतात आणि मग त्यांना कपाट लागतं. एका साहेबांनी काचेची दारं लावून घेतली. आतले पाने-पक्कड इतके चकचकीत की मी विचारलं, "साहेब, हे वापरायसाठी हायेत का पाहायसाठी?" ते म्हणाले, "सध्या पाहून राह्यलो." दुसऱ्या एकांनी प्रत्येक हत्यारामागं त्याच्या आकाराची लाल रेघ मारून घेतली, म्हणजे काय जागेवर नाही ते लगेच दिसावं. शेजारी लोक हत्यारं नेत राहिले आणि थोड्याच दिवसांत कपाटात नुसत्या लाल रेघा उरल्या. काय गेलं ते साहेबांना बरोबर कळायचं. कोणी नेलं ते मात्र रेघेवरून कळत नसे.

या कामाचे नियम साधे आहेत. जड सामान खाली, रोजचं सामान हाताशी, धारेचं सामान वेगळ्या खणात. कपाटाची पाठ भिंतीपासून सुटी ठेवायची, नाहीतर पावसाळ्यात भिंतीची ओल हत्यारांना गंज चढवते. हे एवढं सांभाळलं की गिऱ्हाईक खूश. मला वाटायचं, यात नवीन शिकण्यासारखं काही उरलं नाही.

मग एका उन्हाळ्याच्या तोंडी वामनभाऊ आले. "जय भीम, मिस्त्री," म्हणत दुकानात शिरले आणि भुशातच मांडी घालून बसले. साठी उलटलेला, काटक माणूस. मूळचे मूल तालुक्यातले, पण नोकरी सगळी भामरागडला हातपंप दुरुस्त करण्यात गेली. निवृत्त झाल्यावर गावी परत न येता तिथंच राहिले. घराच्या पडवीत वर्कशॉप काढलं. पंप, शिवणयंत्र, सायकल, जे येईल ते दुरुस्त करत.

"मले हत्याराचं कपाट पायजे," ते म्हणाले. "पन पळनारं पायजे."

"काय?"

"पानी आलं का उचलून पळता आलं पायजे."

"वामनभाऊ, कपाट पळत नाई. मानूस पळते."

"मानूस पळाला होता मागच्या साली," ते म्हणाले. "कपाट राह्यलं ना तिथीच."

भामरागड नद्यांच्या संगमावर आहे हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत असतं. पावसाळ्यात नदी पुलावरून जाते, रस्ता बंद होतो, बाजारात पाणी शिरतं आणि लोक हाताला लागेल ते घेऊन टेकाडावरच्या शाळेत जातात. मागच्या पावसाळ्यात वामनभाऊंनी पीठ नेलं, कपडे नेले, म्हातारी शेजारीण नेली. लोखंडी कपाट हलेना. हत्यारं पाण्याखाली गेली आणि गाळात रुतली. नेमका तेव्हाच टेकाडावरचा पंप बंद पडला. सगळं गाव वर आणि पिण्याजोगं पाणी देणारा तेवढा एकच पंप. लोक पुराचं पाणी कपड्यातून गाळून प्यायले. वामनभाऊंचा शेजारी चिन्ना नावाचा माडिया आदिवासी. त्याच्या बायकोला हगवण लागली. रस्ता बंद, नावेला ओढ सोसेना. ती गेली.

"मी पंपाजवळ हुबा होतो, मिस्त्री," वामनभाऊ म्हणाले. "काय बिघडलं ते मले मालूम होतं. हातात काईच नव्हतं."

  मी एवढंच म्हणालो की जागा पाहिल्याशिवाय मी कपाटाला हात लावत नाही. बायकोनं पिशवी भरून दिली आणि म्हणाली, "इस उमर में अब कपाट को पैर लगाने चले!"

आलापल्ली सोडल्यावर बस जंगलात शिरली आणि मी खिडकीला चिकटलो. माझी तीन पिढ्यांची भाकर सागवानाची. पण मी साग पाहिला तो डेपोत, आडवा पडलेला, अंगावर नंबर घातलेला. इथं ते उभे होते. सरळ वर गेलेले, मान मागं टाकली तरी शेंडा दिसेना. एकेका बुंध्यात मला दारं, चौकटी, पलंग दिसायला पाहिजे होते, तशी माझी नजर तयार झालेली आहे. पण त्या दिवशी एकही पलंग दिसला नाही. मी नुसता पाहत राहिलो आणि शेजारच्या बाईनं विचारलं, "भाऊ, तब्येत बरी हाय ना?"

वामनभाऊंची पडवी मी पाहिली. कपाटाची जागा मोजली. हत्यारं हातात घेऊन पाहिली. पंपाची हत्यारं सुताराच्या हत्यारांसारखी नाजूक नसतात. पाइपाचे पाने एवढाले, साखळीचा पाना, हातोडे, आणि एक लोखंडी शिकंजा. बोअरमधून पाइप वर ओढताना खालचा पाइप सुटून पाताळात जाऊ नये म्हणून तो या शिकंज्यात धरून ठेवतात. हे सगळं एका कपाटात भरलं तर ते उचलायला बैलजोडी लागली असती. मी हताश होऊन पायरीवर बसलो.

तेवढ्यात समोरून चिन्ना आला. खांद्यावर कावड. एका टोकाला भाताचं पोतं, दुसऱ्या टोकाला दोरीत बांधलेली लाकडं. टेकाडाचा चढ तो न थांबता चढला, आणि चढता चढताच त्यानं मान जराशी वाकवून कावड एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. बांबू लवत होता, दोन्ही ओझी त्याच्या पावलांबरोबर खालीवर होत होती. कावड मी काय पहिल्यांदा पाहत नव्हतो. पण आधी पाहताना माझ्या डोक्यात कपाट नव्हतं.

"वामनभाऊ," मी म्हणालो, "एक कपाट नाई. दोन करू."

शिंपी घेतो तशी मी चिन्नाची मापं घेतली. खांद्यापासून जमीन, गुडघा, चालतानाची टांग. कपाट फार लांब लोंबलं तर चढावर दगडाला लागणार, फार आखूड केलं तर सामान मावणार नाही. चिन्ना मराठी कमी बोलतो आणि हसतो जास्त. मी त्याच्या पोटरीजवळ टेप धरला तेव्हा म्हणाला, "मिस्त्री, मले कपाट घालून देतं काय?"

चंद्रपूरला येऊन मी सागवान बाजूला ठेवलं आणि शिवणीचं लाकूड काढलं. शिवण हलकी असते आणि हवा बदलली तरी फारशी फुगत नाही, वाकत नाही. ढोलकीला ती चालते, पण कपाटाला शिवण म्हटल्यावर शेजारच्या दुकानातला मिस्त्री मुद्दाम पाहायला आला. "बुढाप्यात हात हलका झाला काय?" त्यानं विचारलं. मी त्याला चहा पाजला आणि काही सांगितलं नाही.

दोन जुळी कपाटं. उंचीला कमरेएवढीसुद्धा नाहीत, पण दार उघडलं की आत खण, आणि प्रत्येक खणात ज्या त्या हत्याराच्या आकाराचा खळगा कोरलेला. चालताना काही खडखडू नये, एकमेकांवर आपटू नये. कोपऱ्यांना खिळा मारला नाही. फळ्यांच्या कडा दोन हातांची बोटं गुंफतात तशा गुंफल्या, कारण टांगत्या कपाटाचं सगळं वजन कोपऱ्यांवर येतं आणि खिळा हळूहळू सुटतो. वर पितळी कड्या आणि खाली सागाचे छोटे पाय. घरी असताना दोन्ही कपाटं एका फळीवर शेजारी शेजारी बसायची आणि पाहणाऱ्याला एकच कपाट वाटायचं. मला ते फार आवडलं. मी ते पॉलिश करून दुकानात ठेवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलं.

वामनभाऊ न्यायला आले तेव्हा त्यांनी एक खण ओढला आणि तोंड वाकडं केलं.

"ढिला हाय, मिस्त्री. हालून राह्यला."

"हालू द्या. आता मे महिना हाय. चंद्रपूरचं ऊन. लाकूड सुकून काटा झालं. आता घट्ट बसवला तर पावसाळ्यात फुगून असा अडकल का हातोडीनं फोडा लागल."

"खरं?"

"श्रावनात पाह्यजा."

कपाटं पोचवायला मी स्वतः पिकअपमध्ये बसून गेलो. मी हत्यारं लावून दिली. एका कपाटात सगळे पाने आणि शिकंजा, दुसऱ्यात कानशी, करवती, पेचकस, वायसर. सुतार लावेल तशी, जातवार. चिन्नानं कावड उचलली आणि पाने असलेलं कपाट धाडकन जमिनीला लागलं. दुसरं वर उडालं. रिकाम्या कपाटांचं वजन मी काट्यावर सारखं करून आणलं होतं, पण रिकामं कपाट घेऊन कोण पळणार होतं? चिन्ना हसता हसता खाली बसला. वामनभाऊही हसले, आणि मग मलाही हसावं लागलं.

मग दुपारभर आम्ही हत्यारं इकडची तिकडं केली. मी नवे खळगे कोरायचो, चिन्ना कावड खांद्यावर घेऊन अंगणात फेरी मारायचा आणि "मागं जड" किंवा "पुढं जड" म्हणायचा. शेवटी करवतीशेजारी हातोडा, पान्याशेजारी कानस, असं काहीतरी विचित्र लागलं. शिकंजा आणि कानशी एका कपाटात, साखळीचा पाना आणि पेचकस दुसऱ्यात. माझे सगळे नियम त्या अंगणात मोडले. पण शेवटच्या फेरीला चिन्नाच्या खांद्यावर तो बांबू असा समतोल राहिला की त्यानं दोन्ही हात सोडून दाखवले.

श्रावणात मी पुन्हा भामरागडला गेलो. कोणी बोलावलं नव्हतं. ओल्या हवेत खण सरकतात का हे मला माझ्या हातानं पाहायचं होतं. पावसानं उघडीप दिली होती, बस चालू होती. पोचल्या दिवशी खण पाहिले. लोण्यासारखे सरकत होते. मी वामनभाऊंना ते पुन्हा पुन्हा उघडून दाखवले, शेवटी ते म्हणाले, "मानलं ना मिस्त्री, आता जेवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं. गावात पाऊस नव्हता, आभाळात थोडं ऊनसुद्धा होतं. वर छत्तीसगडात पडलेला पाऊस खाली आला होता. मी असा पूर कधी पाहिला नव्हता. आवाज फार नव्हता. संगमावर नद्या वेगळ्या दिसायच्या बंद झाल्या आणि सगळं एकच तांबडं, रुंद पाणी होऊन वर सरकू लागलं. त्यातून अख्खी झाडं मुळांसकट चालली होती. जी झाडं खालून पाहताना माझी मान दुखली होती, तसली झाडं काडीसारखी फिरत जात होती. मला भीती वाटली हे खरं, पण भीतीपेक्षा मोठं असं काहीतरी वाटलं. पाय तिथून हलेनात.

"मिस्त्री, पाहात काऊन राह्यले? चला!" वामनभाऊ ओरडले.

चिन्नानं कावड उचलली. दोन पावलं टाकली आणि थांबला.

"मागं हलकं हाय," तो म्हणाला.

"सगळं भरलं ना मी," वामनभाऊ म्हणाले. "चाल."

चिन्ना हलेना. त्यानं खांदा पुन्हा तोलला आणि मान हलवली. मी मागच्या कपाटाचं दार उघडलं. खालच्या खणातला सर्वांत मोठा खळगा रिकामा होता; काल मी खण सरकतात एवढंच पाहिलं होतं, आत काय आहे ते नाही. शिकंजा नव्हता.

वामनभाऊंचा चेहरा उतरला. आदल्या दिवशी ते बाजारातल्या पंपावर काम करत होते. मी बसमधून उतरताना दिसलो म्हणून काम अर्धं सोडून उठले, आणि शिकंजा तिथंच चौथऱ्यावर गोणपाटाखाली राहिला. बाजारात पाणी मांडीपर्यंत आलं असावं. ते निघाले तसा मी त्यांचा दंड धरला.

"एका लोखंडासाठी जीव देता काय?"

"वरचा पंप बिघडला तं? पाइप कशात धरू? तुमच्या पटाशीत?"

आमचं भांडण चालू असताना चिन्नानं कावड खाली ठेवली. दारामागचा लांब बांबू घेतला. "तुमी कपाट न्या," एवढंच म्हणाला आणि बाजाराकडं उतरला. वामनभाऊंनी हाका मारल्या. त्यानं मागं पाहिलं नाही.

कावड पेलणं दिसतं तेवढं सोपं नाही. मी खांद्यावर घेतली आणि पहिल्याच पावलाला फिरकीसारखा गोल फिरलो. शेवटी आम्ही दोन्ही कपाटं बांबूच्या मध्यावर सरकवली आणि दोघांनी दोन टोकं धरली. माझीच कपाटं माझ्या गुडघ्यांवर आदळत होती. चंद्रपूरचा सर्वांत नामांकित मिस्त्री, निदान माझ्या मते, धापा टाकत शाळेच्या चढावर चालला होता आणि मनात एकच गोष्ट घोळत होती, त्या माणसाला काही होऊ नये.

शाळेत सगळं गाव होतं. बाया, पोरं, कोंबड्या, गाठोडी. पंपावर भांड्यांची रांग. आम्ही पोचलो तेव्हा पंपाचा दांडा सैल पडत चालला होता, आणि थोड्या वेळानं नुसताच वरखाली होऊ लागला. पाणी बंद. वामनभाऊंनी कान लावून पाहिलं. आतलं वायसर गेलं होतं. पाइप वर ओढल्याशिवाय इलाज नव्हता आणि ओढायला शिकंजा नव्हता. त्यांनी दांड्यावर कपाळ टेकलं.

"पुन्हा तसंच, मिस्त्री," ते म्हणाले. "पुन्हा तसंच होऊन राह्यलं."

एका पोरानं खाली जाऊन पुराच्या पाण्यानं घागरीसारखी गुंडी भरून आणली. त्याच्या आईनं ती गाळायला पदर धरला. वामनभाऊंनी मान फिरवली.

चिन्ना खालून आला नाही. तो वरून, जंगलाच्या बाजूनं आला. पाण्यानं त्याची वाट बंद केली होती, म्हणून लांबचा वळसा घातला. बांबू गेला होता. पायातून रक्त येत होतं. शिकंजा त्यानं दुपट्ट्यानं पाठीला बांधला होता, लेकरू बांधतात तसा. वामनभाऊंनी गाठ सोडून शिकंजा हातात घेतला. ते रडले. मीही रडलो, आणि लपवलं नाही.

मग त्यांनी कपाटं उघडली. चिखल, ओल, दमट हवा, आणि तरी एकेक खण अलगद सरकत बाहेर आला. पाने कोरडे, करवती स्वच्छ, वायसर डबीत. दहा जणांनी ओढत पाइप वर काढले, शिकंज्यानं खालचे धरून ठेवले. वामनभाऊ हात पुढं करायचे आणि मी खणातून हत्यार त्या हातात द्यायचो. आयुष्यभर मी माणसांच्या हाती लाकूड दिलं. माझ्या लाकडातून निघालेली वस्तू थेट अशी कोणाच्या उपयोगी पडताना मी कधी जवळून पाहिली नव्हती. 

पाइप पुन्हा खाली गेले. दांडा मारला. आधी हवा. मग पुन्हा हवा. मग आतून गुळगुळ झाली आणि तोटीतून पाणी पडलं. पहिलं थोडं गढूळ आलं, ते वाहू दिलं. नंतर आलं ते स्वच्छ, थंड. बाया ओरडल्या, पोरं नाचली. वामनभाऊंनी चिन्नाला पुढं ओढलं. "पयले तू."

चिन्नानं कमरेचा तुंबा सोडून तोटीखाली धरला. भोपळ्याचा तो तुंबा काठोकाठ भरला, पण त्यानं तोंडाला लावला नाही. तो शाळेमागच्या झाडांकडं चालू लागला. पायातून अजून रक्त येत होतं, कुठं पडेल म्हणून मी मागं गेलो.

झाडांखाली दगड उभे होते. माडिया लोक गेलेल्या माणसासाठी असा दगड उभा करतात. बरेच जुने, शेवाळलेले. एक अजून नवा होता, त्याच्या पायाची माती नीट बसलेली नव्हती. चिन्ना त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि तुंब्यातलं पाणी हळूहळू, थेंब वाया न घालवता दगडावर ओतलं. मी मागं उभा आहे हे त्याला माहीत होतं.

"पानी मांगत होती," तो म्हणाला.

मग तो उठला, रिकामा तुंबा घेऊन परत आला आणि रांगेत सगळ्यांच्या शेवटी उभा राहिला.